कपाशीच्या ब्रीडिंगमध्ये उत्पादनाशी जोडलेली लक्षणं: मोजायची कशी, निवडायची कशी, आणि नेमकं कुठे चुकतं

हंगाम संपला की माझ्याकडे डेटाच्या शीट येतात, कधी शिकणाऱ्या पोरांच्या, कधी नव्यानेच ब्रीडिंगला लागलेल्यांच्या, आणि प्रश्न ठरलेला असतो, उत्पादन वाढवायचंय तर कुठल्या लक्षणावर निवड करू? शीट उघडली की बहुतेक वेळा दिसतं की उत्तर त्या आकड्यांतून निघणारच नाही, कारण गडबड सॉफ्टवेअरमध्ये नाही, वेचणीच्या पिशवीत झालेली आहे. म्हणून इथे पूर्ण क्रम लिहितोय. घाई असेल तरी टप्पा ५ आणि ६ गाळू नका, सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

टप्पा १: शेतात जायच्या आधी उत्पादन कागदावर फोडा

उत्पादन हे एक लक्षण नाही, तो गुणाकार आहे. हेक्टरी झाडं गुणिले झाडावरची बोंडं गुणिले एका बोंडातला कापूस, हे झालं कापसाचं (सरकीसकट) उत्पादन, आणि त्याला रुईच्या उताऱ्याने, म्हणजे कापसातून शेकडा किती रुई निघते त्याने, गुणलं की रुईचं उत्पादन. उदाहरण करून बघा. ९० × ६० सेंटिमीटर अंतर असेल तर हेक्टरी साधारण १८,५१८ झाडं बसतात, झाडाला ३० बोंडं आणि बोंडात ४ ग्रॅम कापूस धरला तर झाडामागे १२० ग्रॅम, म्हणजे हेक्टरी सुमारे २,२२२ किलो कापूस, आणि उतारा ३८ टक्के असेल तर ८४४ किलो रुई.

आता वहीत दोन याद्या करा. पहिल्या यादीत या गुणाकारात थेट येणारी लक्षणं: बोंडांची संख्या, बोंडाचं वजन, बोंडातल्या सरक्या, सीड इंडेक्स म्हणजे १०० सरक्यांचं वजन, आणि उतारा. दुसऱ्या यादीत मागून परिणाम करणारी: झाडाची उंची, फळफांद्या, गळफांद्या (ज्यांवर थेट बोंडं धरत नाहीत), पहिली फळफांदी कितव्या पेरावर आली, ५० टक्के झाडं फुलायला लागलेले दिवस. या दोन याद्या शेवटपर्यंत वेगळ्या ठेवायच्यात, एकत्र केल्या की पुढे टप्पा ९ मध्ये काय होतं ते बघालच.

आणि आत्ताच ठरवा, तुमचं लक्ष्य कापूस आहे की रुई. हे न ठरवता काम सुरू केलं की शेवटी दोन वेगळ्या लाइन (चाचणीतले वेगवेगळे शुद्ध वंश) पहिल्या येतात आणि मग सोयीची ती निवडली जाते.

टप्पा २: बी शुद्ध आणि एकसारखं आहे ना?

कपाशी स्वपरागी म्हणून ओळखली जाते पण मधमाश्या भरपूर असतील तर परपरागण चांगलंच होतं. त्यामुळे मोकळ्या परागणाचं बी दोन-तीन वर्षं वापरलेली लाइन ही लाइन राहत नाही, ते मिश्रण होतं, आणि तुम्ही मोजता तो फरक ओळीच्या आतलाच असतो.

सेल्फिंग, म्हणजे फुलाचं त्याच्याच परागाने फलन, असं करा. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी ओळखू येते, पाकळ्यांचा पीळदार शेंडा हिरव्या आवरणाच्या बाहेर आलेला असतो. तो शेंडा दोऱ्याने बांधा आणि त्याच दोऱ्याचं दुसरं टोक खालच्या देठाला बांधा. हे दुसरं टोक बरेच जण विसरतात. फूल उमलायच्या वेळी बंद राहतं, दुसऱ्या दिवसापासून गुलाबी पडतं, मग पाकळ्या दोऱ्यासकट गळून जातात, आणि देठाला गाठ नसेल तर वेचणीच्या वेळी कुठलं बोंड सेल्फ केलेलं होतं हे सांगायला काहीच उरत नाही.

इशारा: सेल्फिंग मोजणीच्या झाडांवर करू नका. सारखं हाताळल्याने पाते (कळ्या) गळतात आणि बोंडांचा आकडा बिघडतो. त्यासाठी वेगळी ओळ ठेवा.

चाचणीत जाणारं सगळं बी एकाच हंगामातलं, एकाच ठिकाणी साठवलेलं असावं. एका लाइनचं बी ताजं आणि दुसरीचं तीन वर्षं जुनं असेल तर उगवणीतला फरक तुम्ही जनुकीय फरक म्हणून छापाल.

टप्पा ३: मांडणी

पुरेसं बी असेल तर रँडमाइज्ड ब्लॉक, म्हणजे प्रत्येक ब्लॉकमध्ये सगळ्या लाइन चिठ्ठ्या टाकून लावायच्या, किमान ३ रेप्लिकेशन (असे ३ ब्लॉक). लाइन खूप आणि बी मूठभर असेल तर ऑगमेंटेड डिझाइन, त्यात चेक वाण (तुलनेसाठीचे ओळखीचे वाण) प्रत्येक ब्लॉकमध्ये पुन्हा पुन्हा येतात आणि त्यांच्यावरून चूक (एरर, म्हणजे जमीन आणि योगायोगामुळे येणारा फरक) काढली जाते. ब्लॉक जमिनीच्या चढउताराच्या आडवे टाका, म्हणजे एका ब्लॉकच्या आत जमीन शक्य तितकी सारखी राहील. एका टोचणीत दोन-तीन बिया टाकून नंतर विरळणी करा, खाडे भरण्याच्या भानगडीत पडू नका, उशिरा लावलेलं झाड मागेच राहतं आणि सरासरी ओढून खाली आणतं. कडेच्या ओळी मोजणीत घ्यायच्या नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही बी कमी पडलं की त्या घेतल्या जातात.

तपासणी: विरळणीनंतर प्रत्येक प्लॉटमधली झाडं मोजून लिहून ठेवा आणि शेवटच्या वेचणीला परत मोजा. हे दोन आकडे नसतील तर नंतर कमी उत्पादन कशामुळे आलं ते कळत नाही, लाइन कमी देणारी होती की झाडंच कमी होती.

टप्पा ४: मोजायची झाडं आधी ठरवा, बोंडं दिसायच्या आधी

प्रत्येक प्लॉटमधून किमान ५, जमलं तर १० झाडं. दोन अटी. एक, झाडाच्या दोन्ही बाजूला शेजारी पाहिजे. शेजारचं झाड मेलेलं असेल तर उरलेल्याला ऊन, पाणी, खत सगळं जास्त मिळतं आणि ते लगडतं, त्याचं जनुकांशी काही देणंघेणं नसतं. दुसरी अट, टॅग लवकर लावा, पाते लागायच्या सुमारास. बोंडं भरल्यावर टॅग लावायला गेलात तर हात आपोआप चांगल्या झाडाकडे जातो, प्रामाणिक माणसाचाही जातो.

टप्पा ५: बोंडं आणि वेचणी

बोंडं मोजताना तीन रकाने ठेवा: चांगली उमललेली, किडकी किंवा सडलेली, आणि शेवटच्या वेचणीलाही न उमललेली हिरवी. एकच आकडा लिहिला की बोंडअळीने खाल्लेली लाइन आणि मुळातच कमी बोंडं धरणारी लाइन सारखीच दिसते, आणि त्या दोघींचा पुढचा उपयोग पूर्ण वेगळा आहे.

फळफांदीवर बोंडाची जागाही महत्त्वाची. एका फळफांदीच्या पहिल्या जागेवरचं फूल आणि लगेच वरच्या फांदीच्या पहिल्या जागेवरचं फूल यात साधारण ३ दिवसांचं अंतर असतं, तर त्याच फांदीवरच्या पहिल्या आणि दुसऱ्या जागेत साधारण ६ दिवसांचं. खोडाजवळच्या पहिल्या जागेवरची बोंडं सहसा वजनदार असतात. म्हणून बोंडाचं वजन काढण्याच्या दोन पद्धती आहेत आणि दोन्हींचा आकडा वेगळा येतो.

पहिली पद्धत, टॅग केलेल्या झाडांचा सगळा कापूस भागिले वेचलेली सगळी बोंडं. दुसरी, झाडाच्या मधल्या भागातली पहिल्या जागेवरची पूर्ण उमललेली २५ किंवा ५० बोंडं वेगळी वेचून त्यांची सरासरी. दुसरीचा आकडा जवळजवळ नेहमीच जास्त येतो. लाइनची तुलना करायला दुसरी चांगली, पण तो आकडा बोंडांच्या संख्येने गुणून झाडाचं उत्पादन काढलं की ते फुगतं. एका चाचणीत एकच पद्धत, आणि कुठली ते शीटच्या डोक्यावर लिहा.

आता सगळ्यात न दिसणारी चूक. टॅगच्या ५ झाडांवरून बोंडं मोजली, बोंडाचं वजन काढलं, आणि झाडामागचं उत्पादनही त्याच ५ झाडांचं घेतलं. योगायोगाने एक झाड जोमदार निघालं तर बोंडंही वाढली आणि उत्पादनही वाढलं, म्हणजे दोन्ही आकड्यांत एकच चूक शिरली, आणि मग कोरिलेशन इतकं छान येतं की माणूस खूश होतो. उत्पादन पूर्ण प्लॉटचं घ्या, घटक टॅग केलेल्या झाडांवरून.

वेचणीनिहाय वजन वेगळं लिहा, सगळं एकत्र करू नका. पहिल्या वेचणीत एकूण कापसाचा किती वाटा आला यावरून लवकर येण्याचा गुण कळतो, फुकटात.

पिशवीत दोन चिठ्ठ्या, एक आत एक बाहेर, दोन्ही पेन्सिलने. पेनची शाई दवाने पसरते.

टप्पा ६: वाळवणं, वजन, रुई काढणं

सकाळी दवात वेचलेला कापूस आणि दुपारी वेचलेला कापूस यांचं वजन एकमेकांशी ताडता येत नाही. माझ्या सुरुवातीच्या एका चाचणीत पहिलं रेप्लिकेशन सकाळी वेचून लगेच तोललं आणि बाकीची दोन दुपारी, रुई मात्र सगळ्यांची आठवड्याने काढली, तोवर ती पूर्ण वाळलेली. पहिल्या रेप्लिकेशनमधल्या प्रत्येक लाइनचा उतारा कमी आला, कारण भागाकारात खाली पाण्याचं वजन होतं आणि वर नव्हतं. तो हंगाम उताऱ्याच्या बाबतीत वाया गेला. तेव्हापासून सगळ्या पिशव्या एकाच खोलीत काही दिवस पसरून ठेवायच्या आणि सगळ्यांची वजनं एका बैठकीत करायची, यात तडजोड करत नाही.

रुई काढताना क्रम असा ठेवा:

१. कचरा, पानांचे तुकडे, कवडी (नीट न उमललेला खराब कापूस) वेचून बाजूला करा.
२. स्वच्छ कापूस तोला, सगळ्या नमुन्यांना सारखाच, समजा १५० ग्रॅम.
३. एकाच मशीनवर सगळे नमुने काढा. रोलर जिन आणि सॉ जिन या रुई काढायच्या दोन प्रकारच्या मशीन, त्यांचा उतारा वेगळा येतो, रोलरचा साधारण जास्त. अर्धे इकडे अर्धे तिकडे केलेत तर तुलना संपली.
४. दर नमुन्यानंतर मशीन झाडून घ्या, आधीच्या लाइनची रुई आत अडकलेली असते.
५. रुई आणि सरकी दोन्ही तोला, फक्त रुई नाही.

तपासणी: रुई अधिक सरकी ही बेरीज मूळ वजनाच्या जवळ आली पाहिजे. १ टक्क्याहून जास्त घट दिसली तर मी तो नमुना परत काढतो.

मग १०० सरक्या मोजून सीड इंडेक्स. पोचट आणि फुटक्या सरक्या घ्यायच्या नाहीत. आणि सरकी लव असलेली की ॲसिडने लव काढलेली हे ठरवून लिहा, कारण लिंट इंडेक्सचं (१०० सरक्यांवरच्या रुईचं वजन) सूत्र आहे सीड इंडेक्स गुणिले उतारा, भागिले १०० वजा उतारा, आणि यातला उतारा लव असलेल्या सरकीवरच काढलेला असतो. लव काढलेल्या सरकीचं वजन यात टाकलं तर लिंट इंडेक्स खोटा कमी येतो.

आता उताऱ्यावर भाळून लाइन निवडणाऱ्यांनी हे जरा सावकाश वाचा. समजा पहिली लाइन, सीड इंडेक्स ९ ग्रॅम, उतारा ३८ टक्के. लिंट इंडेक्स येतो ५.५२ ग्रॅम. दुसरी लाइन, सीड इंडेक्स ७.५ ग्रॅम, उतारा ४१ टक्के. लिंट इंडेक्स येतो ५.२१. म्हणजे उतारा तीन टक्क्यांनी जास्त असूनही दुसरीच्या एका सरकीवर रुई कमीच आहे, तिथे रुई वाढलेली नाही, सरकी बारीक झालीय. अशा लाइनवर वर्षानुवर्षं निवड करत गेलात तर सरकी लहान होत जाते, रोप उगवताना कमजोर निघतं, आणि रुई तेवढीच राहते. शिवाय पाण्याचा ताण पडून सरकी नीट भरली नाही तरी उतारा वाढलेला दिसतो. उतारा कधीच एकटा बघू नका, सीड इंडेक्स शेजारी ठेवूनच बघा.

टप्पा ७: ॲनालिसिसच्या आधी आकड्यांची झडती

बोंडाचं वजन दुसऱ्या वाटेनेही काढता येतं: बोंडातल्या सरक्या गुणिले सीड इंडेक्स आणि लिंट इंडेक्सची बेरीज, भागिले १००. वरच्या पहिल्या लाइनमध्ये बोंडात २८ सरक्या असतील तर २८ गुणिले १४.५२ भागिले १००, म्हणजे ४.०७ ग्रॅम. तुमच्या शीटमध्ये थेट मोजलेलं वजन ५.३ असेल तर कुठेतरी चिठ्ठी बदललीय किंवा सरक्या चुकीच्या मोजल्यात. सगळ्या ओळींना हे सूत्र लावा, पंधरा मिनिटांचं काम आहे. ज्या प्लॉटचा आकडा जुळत नाही तो परत शोधा, सापडला नाही तर रिकामा सोडा, अंदाजाने भरू नका.

टप्पा ८: फरक किती, त्यातला जनुकीय किती

समजा ३ रेप्लिकेशनच्या चाचणीत बोंडांच्या संख्येसाठी व्हेरिअन्सच्या तक्त्यात लाइनचा मीन स्क्वेअर (फरकाचं सरासरी माप) ९६ आणि चुकीचा, म्हणजे एररचा, ३६ आला. जनुकीय व्हेरिअन्स म्हणजे ९६ वजा ३६ भागिले ३, म्हणजे २०. आता हेरिटॅबिलिटी, म्हणजे एकूण फरकातला जनुकीय वाटा, दोन प्रकारे निघते. एका प्लॉटच्या पातळीवर २० भागिले ५६ (२० अधिक ३६), सुमारे ३६ टक्के. सरासरीच्या पातळीवर २० भागिले ३२ (२० अधिक ३६ चा तिसरा हिस्सा), म्हणजे ६२.५ टक्के. दोन्ही बरोबर आहेत, पण अर्थ वेगळा. तीन प्लॉटच्या सरासरीवर निवड करणार असाल तर दुसरा आकडा, एका प्लॉटवर करणार असाल तर पहिला.

घोळ जेनेटिक ॲडव्हान्समध्ये, म्हणजे निवडीने पुढच्या पिढीत अपेक्षित वाढीत, होतो. सूत्र आहे निवडीची तीव्रता गुणिले हेरिटॅबिलिटी गुणिले फेनोटिपिक (प्रत्यक्ष दिसणाऱ्या फरकाचं) स्टँडर्ड डेव्हिएशन. तीव्रता २.०६ धरली तर प्लॉटच्या पातळीवर हे ५.५ बोंडं येतं, सरासरीच्या पातळीवर ७.३. पण हेरिटॅबिलिटी सरासरीची आणि डेव्हिएशन प्लॉटचं अशी सरमिसळ केली तर ९.६ येतं, आणि हा फुगलेला आकडा मी खूप शीटमध्ये बघितलाय.

इशारा: तीव्रतेचा २.०६ हा आकडा मोठ्या संख्येतून वरच्या ५ टक्के निवडण्यासाठी आहे. २० लाइनमधून १ निवडत असाल तर तो सुमारे १.८७ धरायला हवा.

आणखी एक, एकाच ठिकाणच्या एकाच हंगामातल्या डेटामध्ये जनुकीय फरक आणि त्या जागेचा खास परिणाम वेगळे करता येत नाहीत, त्यामुळे हेरिटॅबिलिटी फुगलेलीच असते. बोंडांची संख्या आणि उत्पादन जागेनुसार सगळ्यात जास्त हलतात, उतारा आणि सीड इंडेक्स त्यामानाने स्थिर. किमान दोन ठिकाणं, दोन हंगाम झाल्याशिवाय बोंडांबद्दल ठाम बोलू नका. आणि लाइनचा मीन स्क्वेअर चुकीच्या मीन स्क्वेअरपेक्षा कमी आला तर जनुकीय व्हेरिअन्स शून्य धरा आणि त्या लक्षणावर पुढचं काही काढू नका.

टप्पा ९: कोरिलेशन आणि पाथ ॲनालिसिस

६० प्लॉटचे (२० लाइन, ३ रेप्लिकेशन) कच्चे आकडे घेऊन कोरिलेशन काढू नका. जमिनीच्या सुपीक कोपऱ्यात सगळंच वाढतं, उंची, फांद्या, बोंडं, उत्पादन, आणि मग सगळ्याचं सगळ्याशी घट्ट नातं दिसतं. जिनोटिपिक कोरिलेशन (फक्त जनुकीय फरकांवरचं) काढा, निदान लाइनच्या सरासरीवर तरी काढा. २० लाइन असतील तर ५ टक्के पातळीवर सिग्निफिकंट व्हायला ०.४४४ लागतं, ६० प्लॉटचे डिग्री ऑफ फ्रीडम घेतले तर ०.२५ च्या आसपासच पुरतं, आणि तिथेच निम्मी खोटी नाती पास होतात.

पाथ ॲनालिसिस म्हणजे कोरिलेशन फोडून लक्षणाचा उत्पादनावर थेट परिणाम किती आणि दुसऱ्या लक्षणांच्या वाटेने किती ते काढणं; त्यात घुसायच्या आधी टप्पा १ च्या याद्या काढा. सीड इंडेक्स, उतारा आणि लिंट इंडेक्स तिन्ही एकत्र टाकायचे नाहीत, तिसरा पहिल्या दोघांतूनच तयार झालेला आहे. बोंडं, बोंडाचं वजन आणि झाडसंख्या हे तिन्ही टाकून उत्पादनावर पाथ लावला आणि रेसिड्यूअल (न समजलेला उरलेला भाग) जवळजवळ शून्य आला, तर काही शोध लागलेला नाही, तुम्ही गुणाकार परत केलात एवढंच. थेट परिणाम १ च्या वर गेला तर जवळपास नक्की समजा की आतली लक्षणं एकमेकांना चिकटलेली आहेत, व्हीआयएफ (लक्षण बाकीच्यांशी किती चिकटलंय ते सांगणारा आकडा) बघा, १० च्या वर असलेलं लक्षण काढा आणि परत चालवा.

तपासणी: प्रत्येक लक्षणाचा थेट परिणाम अधिक सगळे अप्रत्यक्ष परिणाम, बेरीज बरोबर त्याच्या कोरिलेशनएवढी आली पाहिजे.

वाचायचं कसं? समजा उंचीचं उत्पादनाशी कोरिलेशन ०.४५, पण थेट परिणाम ०.०५ आणि बोंडांच्या वाटेने ०.४०. मग उंच झाडं निवडू नका, बोंडं निवडा, नाहीतर पुढे नुसती उंची वाढवत बसाल. याउलट कोरिलेशन कमी पण थेट परिणाम मोठा, असं बोंडाच्या वजनाचं बऱ्याचदा होतं, कारण बोंडं वाढली की प्रत्येकाचं वजन घटतं आणि दोन्ही एकमेकांना खातात. अशा वेळी एका लक्षणावर टोकाची निवड केली तर दुसरं निसटतं. दोन्हींना किमान मर्यादा लावा आणि त्यातून वरची घ्या. धाग्याच्या ताकदीलाही अशीच किमान मर्यादा आधीच ठरवून ठेवा, कारण रुईचं उत्पादन आणि ताकद यांचं नातं बऱ्याच संकरांत उलटं असतं.

टप्पा १०: कुठल्या पिढीत कशावर निवड

एफ-१ म्हणजे संकराची पहिली पिढी, एफ-२ दुसरी, असं पुढे. एफ-१ चं झाड बघून पालक चांगले ठरवू नका, त्यातला संकरजोम पुढच्या पिढ्यांत टिकत नाही. एफ-२ मध्ये प्रत्येक झाड एकुलतं एक असतं, त्याचं रेप्लिकेशन नसतं, म्हणून तिथे उत्पादनावर निवड करणं जवळजवळ वाया जातं. एफ-२ आणि एफ-३ मध्ये उतारा, सीड इंडेक्स, बोंडाचा आकार आणि धागा यावर गाळा. बोंडांची संख्या आणि उत्पादन यावर निवड ओळी स्थिर झाल्यावर, साधारण एफ-५ पासून, रेप्लिकेटेड चाचणीत.

मार्कर (डीएनएवरच्या खुणा) वापरणार असाल तर एवढंच सांगेन, की १०० पेक्षा कमी लाइनच्या पॉप्युलेशनमध्ये सापडलेल्या क्यूटीएलचा (लक्षणावर परिणाम करणारी क्रोमोसोमवरची जागा) परिणाम खऱ्यापेक्षा बराच मोठा दिसतो, आणि पहिले सहा टप्पे कच्चे असतील तर मार्कर फक्त तुमच्या वजनकाट्याची चूक क्रोमोसोमवर नेऊन ठेवतो.

टप्पा ११: निवड खरी होती का, हे पेरून बघा

वरच्या लाइनसोबत मुद्दाम काही खालच्या लाइनही पुढच्या हंगामात त्याच चाचणीत लावा, आणि मूळ बी थोडं राखून ठेवा, ते चेक म्हणून लागेल. निवडलेली झाडं मूळ सरासरीपेक्षा ८ बोंडांनी पुढे होती आणि त्यांची पिल्लावळ मूळ बियांपेक्षा २ बोंडांनीच पुढे आली, तर प्रत्यक्ष हेरिटॅबिलिटी ०.२५ निघाली, शीटमध्ये काहीही लिहिलेलं असो. असं झालं तर त्या पॉप्युलेशनमध्ये बोंडांसाठी एकेकट्या झाडाची निवड थांबवा आणि पुढच्या फेरीपासून ओळीच्या सरासरीवर करा.